मनाईकाकांच्या पाट्या

वर्तमानपत्रांच्या वाचनकक्षाचे राखणदार म्हणून काका रुजू झाले, तेव्हा तिथल्या भिंतीवर एकच पाटी होती : 'शांतता राखा'. ती वाचून काकांना मनापासून वाईट वाटलं. राखा म्हणजे? राखली तर राखा, नाही तर तुमची मर्जी? ही काय पाटी झाली? हे तर आर्जव! दुसऱ्या दिवशी तिच्या जागी 'बोलण्यास मनाई आहे' आली, आणि सगळ्या आळीला मनाईकाका मिळाले.

काकांच्या लेखी भाषेत खरे कामाचे शब्द चार-पाचच, बाकी सगळी भरताड. 'कृपया'ने सुरू होणारी पाटी म्हणजे निव्वळ लाचारी. नुसती 'मनाई' म्हणजे डोळे वटारणं. 'सक्त मनाई' म्हणजे त्याच मनाईला मिशा फुटलेल्या. 'बंदी' ते जरा जपून वापरत, कारण बंदी म्हटलं की लोकांना नसती हुशारी सुचते. 'शब्दकोडे सोडवण्यास बंदी' अशी पाटी लागल्यापासून, ज्यांनी जन्मात कोडं सोडवलं नव्हतं तेही पेन खिशात घालून येऊ लागले होते. 'निषिद्ध' हा भारदस्त शब्द त्यांनी कोणी करणारच नाही अशा गोष्टींसाठी राखून ठेवला होता. 'टेबलावर उभे राहणे निषिद्ध' ही पाटी लागली आणि येणारा प्रत्येक जण त्या टेबलाकडे एकदा विचारपूर्वक बघू लागला. उरला 'मज्जाव'. तो मांजरीच्या वाट्याला गेला. 'मांजरांना मज्जाव' ही पाटी काकांनी दाराच्या तळाशी, मांजरीच्या नजरेला पडेल अशा बेताने लावली होती. मांजर रोज तिला पाठ घासून आत येई.

घरीही तीच भाषा. एकदा जेवताना काकांनी विचारलं, "वरून मीठ घेण्यास मनाई आहे का?"

"मनाई कसली?" काकू म्हणाल्या. "मीठ संपलंय. दुकानात जाण्यास तुम्हाला बंदी नाही."

इथवर सगळं ठीक होतं. लोक पाट्या वाचत, हसत आणि बोलत बसत. पण काकांची नजर दुपारच्या मंडळींवर गेली आणि घात झाला. जेवणं उरकून चार टाळकी वाचनकक्षात येत. म्हातारा शिंपी वर्तमानपत्र तोंडासमोर उभं धरून झोपे, इतकं सरळ की सुतानेही तिरपं ठरवलं नसतं. निवृत्त मास्तरीणबाई अग्रलेखाला मान डोलवत झोपत, त्यामुळे त्या सहमत आहेत असं वाटे. कंडक्टर, ज्याला सगळे ताडमाड म्हणत, तो दोन खुर्च्यांवर पसरे आणि मधूनच "पुढे चला" असं बरळे. चौथे होते पोस्टातले आप्पा. ते फक्त घोरत, पण मन लावून.

आधी 'घोरण्यास मनाई' लागली. मग 'डुलकी काढण्यास मनाई'. मग 'झोपण्यास सक्त मनाई', आणि खास शिंप्यासाठी 'एकाच पानाकडे फार वेळ बघण्यास मनाई'. पाटी लावून काका थांबत नसत. टेबलावर पट्टी आपटून ते ती मोठ्याने वाचून दाखवत. मंडळी जागी झाली, उठली आणि गेली ती गेलीच. ती गेली तसे त्यांच्याशी दोन शब्द बोलायला येणारेही यायचे थांबले. कक्षात चिटपाखरू उरलं नाही. काका कृतकृत्य झाले. एकही नियम मोडला जात नाही असं वाचनालय जगात दुसरं कुठलं असणार?

मग एका सकाळी वाचनालयाचे अध्यक्ष येऊन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "उद्या दुपारी वरचे साहेब तपासणीला येतायत. कक्ष असाच ओस दिसला, तर कुलूप लावून इथे जुनं फर्निचर टाकणार म्हणे. मग तुम्हालाही घरीच..."

घरी! दिवसभर! जिथे मनाई करण्याचा अधिकार आधीच दुसऱ्या माणसाकडे होता! काकांना घाम फुटला.

"जा आणि माणसांची माफी मागा," काकू म्हणाल्या. "आणि आधी त्या पाट्या उतरवा. सगळ्या. भिंतीला पुरळ उठल्यासारखं दिसतं."

मंडळी लाँड्रीसमोरच्या बाकावर ताटकळत बसली होती. इस्त्रीची वाफ आणि रस्त्याचा गोंगाट, यात झोप कसली लागतेय!

"या, या, काका!" ताडमाड ओरडला. "इथे बसण्यास मनाई नाही हं."

"उद्या दुपारी वाचायला याल का?" काकांनी खाली बघत विचारलं.

"वाचायला?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी पूर्वी काय करत होते मग?"

"चुकलो बाई. सगळ्या पाट्या काढल्यात."

"डुलकी चालेल?" शिंप्याने माप घ्यावं तसं विचारलं.

"चालेल."

"आणि घोरणं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, तुम्हीसुद्धा या."

"नंतर पाटी लागली तर?"

"झोपेवर परत पाटी लावणार नाही. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी कक्ष भरला. चौघांनी आपापले शेजारी, मेहुणे, व्याही ओढून आणले होते. साहेब आले तेव्हा सगळीकडे वर्तमानपत्रं उभी होती आणि पानामागून संथ श्वास चालले होते. साहेबांनी डोकी मोजली, समाधानाने मान डोलावली. काकांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात साहेबांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"पाट्या कुठायत?"

"कसल्या, साहेब?"

"कसल्या काय? हे करू नका, ते करू नका. एकही मनाई नाही? मग ही सार्वजनिक जागा आहे हे लोकांनी ओळखायचं कशावरून? अहो, एक तरी निर्बंध हवा! त्याशिवाय कक्ष चालू आहे असं मी लिहू कसं?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी काकांकडे मनाई मागत होतं. कपाटात उतरवलेल्या पाट्यांचा गठ्ठा तयार होता. काकांचा हात कपाटाच्या कडीवर गेला. त्याबरोबर वर्तमानपत्रं एकेक करून खाली आली. शिंपी, मास्तरीणबाई, ताडमाड, सगळे टक्क जागे. आप्पांचं घोरणं अर्ध्यावर थांबलं. जुनी पाटी वर गेली की ही सगळी बाकावर जाणार, आणि नाही गेली तर कुलूप. काकांनी कडी सोडली. एक जुनं कॅलेंडर उलटं करून त्याच्या पाठीवर जाड पेनाने लिहिलं, आणि खुर्चीवर चढून भिंतीच्या मधोमध चिकटवलं :

'या कक्षात कोणासही उठवण्यास सक्त मनाई आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. 'सक्त'पाशी पोचल्यावर त्यांचा चेहरा निवला.

"छान. नियम कडक आहे," ते म्हणाले आणि लगेच ओशाळून आवाज खाली आणला. "सही कुठे करू?"

काकांनी ओठांवर बोट ठेवून टेबलाची रिकामी कड दाखवली. साहेबांनी पेनाची करकर होणार नाही अशी सही केली, बूट हातात घेतले आणि चवड्यांवर चालत ते दाराबाहेर पडले. तोवर वर्तमानपत्रं परत उभी राहिली होती.