टेबलावर कोणी हाय का

"टेबलावर कोणी हाय का?" काका स्कॅनच्या खोलीत डोकं घालून विचारायचे. टेक्निशियन नाही म्हणाला की कुठली तरी वायर उपटायचे आणि काय बंद पडतं ते बघायचे. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्या हिंगोलीच्या स्कॅन सेंटरमध्ये तो इंटरनेट आणि कॉम्प्युटर बघायला पगारावर होता.

आमचे स्कॅन इंटरनेटवरून नांदेडच्या डॉक्टरांकडे जातात आणि तिथून रिपोर्ट येतो. लाइन गेली की पेशंट बसून राहतो. वारंगा फाट्यावर गाडीखाली आलेलाही बसून राहतो. म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी कंपनी बदलायची ठरवली. नवीचा भरवसा येईपर्यंत दोन्ही लाइनी ठेवायच्या. एक पडली की कपाटातल्या फायरवॉलने, म्हणजे दोन्ही लाइनी जोडलेल्या डब्याने, आपोआप दुसरी धरायची.

काकांना नोकरी सोडायची होती. त्यांची आई सिद्धेश्वरजवळ आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, एकटी होती आणि तिला आता दिसत नव्हतं. साहेब दर वेळी म्हणत, "लाइन बदलू द्या. तुमच्याशिवाय कोण बघणार?" काकांच्या हाताखालची मी समोरच बसलेली असायचे. मलाही ते पटायचं.

सेटिंग करायला काका मलाच बसवत आणि स्वतः खिडकीबाहेर बघत. लाइन जिवंत आहे का, हे फायरवॉल सारखी कुणाला तरी विचारत असते. मी शेजारच्या मोडेमचा पत्ता टाकला.

"त्याला काहून विचारून राहिली, माय? तो बाजूलाच बसला हाय. बाहेर आग लागली तरी व्हय म्हणंल. लांबच्याला विचार."

मी लांबचा पत्ता टाकला. "आता तपासायचं का, काका?"

"मला विचारून राहिली म्हणजे अजून न्हाई."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी जुन्या लाइनचा दिवा लाल झाला. काकांची खुर्ची रिकामी होती. फोन बंद. साहेब दारात आले.

"काका कुठंयत?"

"माहीत नाही."

"मग आता?"

विचारायला कोणी नव्हतं. मी स्क्रीन उघडली. फायरवॉलने नवी लाइन धरली होती. सकाळचा एक स्कॅन पुन्हा पाठवून पाहिला, तो नांदेडला पोचला. "चालू आहे," मी म्हणाले. साहेबांशी मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

मग वायर जिथून खाली येते त्या गच्चीवर गेले. जुनी वायर सोडवून नीट गुंडाळून ठेवली होती. टोकात धूळ जाऊ नये म्हणून त्यावर बिस्किटाच्या पुड्याचा कागद बांधला होता.

टेक्निशियन म्हणाला, काका दोनदा येऊन गेले. आधी विचारलं, टेबलावर कोणी हाय का. थोड्या वेळानं विचारलं, नांदेडला गेलं का. गेलं म्हटल्यावर पिशवी उचलली.

आखाड्यावर रेंज नाही. साहेब अजून अधूनमधून फोन लावून बघतात आणि म्हणतात, लागत कसा नाही. मला माहीत आहे. पण मला त्यांनी विचारलेलं नाही.