ताणे जोडणारी रुकियाबी

१९६९ साली नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत घरोघर हातमाग होते. तिथल्या विणकरांच्या सहकारी सोसायटीत मी हिशेबनीस होतो. सोसायटी सूत द्यायची आणि विणकर लुगडी विणून आणायचे. कोणाचा माल कधी येणार याचा अंदाज घ्यायला मी दर आठवड्याला गल्लीत एक फेरी मारत असे. रुकियाबीची ओळख त्या फेऱ्यांमधली.

ती विणत नसे, ताणे जोडत असे. मागावर जे उभं सूत ताणलेलं असतं तो ताणा. एक ताणा विणून संपत आला की विणकर तो सगळा काढून टाकत नाही. वीतभर टोकं मागातच राहू देतो, आणि नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्या टोकाला पिळून जोडलं जातं. त्यात सोय तर होतीच, पण त्या गल्लीचा तो रिवाजही होता. घरातला माग नागवा राहू नये, असं बाया म्हणायच्या. त्यामुळे एक ताणा सरायला आला की मोमिनपुऱ्यात रुकियाबीला निरोप जायचा.

तिची आईही याच गल्लीत हेच काम करायची. रुकियाबीचा नवरा विणकर होता, तो क्षयाने गेला. मुलगी कामठीला दिली होती. एका खोलीत ती एकटी राहायची आणि ताणे जोडून पोट भरायची. दुसरं काम तिला येत नव्हतं आणि कोणी ते तिला शिकवलंही नव्हतं.

माग घराच्या आतल्या खोलीत असायचा, तिथपर्यंत ती सरळ जायची. स्वयंपाकघरात मात्र जायचं नाही आणि माठाला हात लावायचा नाही. तिचा पेला वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला असे. हे कोणाला वावगं वाटत नसे. तिला वाटत होतं की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही.

नत्थूजींच्या घरी तिचं सगळ्यात जास्त जमायचं. एकदा मी तिथे बसलो असताना ती जरा उशिरा आली. नत्थूजींची बायको पार्वतीबाई दारातूनच म्हणाली, "काहून वं रुकिया, नवरा पाह्यले गेली होती काय?"

"तुह्याच घरचा पाहून राहिली होती. दात नाहीत म्हणून सोडला."

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले नत्थूजी ओरडले, "हायेत वं दात माह्ये अजून!"

"मंग दाखव ना गा," ती म्हणाली, आणि हसतच मागापाशी बसली.

जोडणीची पद्धत अशी. बोट जिभेला लावायचं, राखेत टेकवायचं, दोन्ही सुतांची टोकं चिमटीत धरून पीळ द्यायचा. थुंकीने सूत चिकटतं आणि राखेने पीळ सुटत नाही. रुकियाबी असंच करायची. नत्थूजींची आई असंच करायची. गल्लीतल्या ज्या कोणी बाईने तुटलेलं सूत जोडलं, तिने असंच जोडलं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गुजरातेतल्या दंग्यांच्या बातम्या यायला लागल्या. भैय्याजींच्या किराणा दुकानासमोर संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचला जायचा. भैय्याजी सोसायटीचे अध्यक्ष, आणि गल्लीतल्या देवीच्या नवरात्राचं सगळं त्यांच्याकडे. नागपुरात आमच्या भागात काही झालं नाही. पण पेपर वाचून माणसं घरी गेली की त्यांचं बोलणं बदललेलं असायचं.

नवरात्रात गल्लीतल्या एका मागावरचं लुगडं देवीला नेसवत. घरागणिक पाळी असे. त्या वर्षी नत्थूजींची होती. लाल लुगडं, पिवळे काठ. ते मागावरून उतरलं त्या दिवशी मी तिथे होतो. भैय्याजी ते पाहायला आले. काठावरून हात फिरवला आणि विचारलं, "ताणा कोणं जोडला गा?"

"रुकियानं. नेहमी तेच जोडते," नत्थूजी म्हणाले.

"थुका लावून?"

"मंग? सूत काय कोरडं जुळते?"

"मुसलमानाचा थुका देवीच्या अंगावर घालतो काय?"

नत्थूजींना वाटलं भैय्याजी थट्टा करताहेत. ते हसायला लागले आणि मग थांबले. "गेल्या वर्षी तुमच्या मागावरचं होतं भैय्याजी. तेही तिनंच..."

"गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी गेलं."

भैय्याजींच्या घरी दोन माग होते. ही जोडणी ते पाळण्यात असल्यापासून पाहत आले होते. पण बोलून झाल्यावर ती गोष्ट त्यांनाही खरी वाटायला लागली असावी. लुगडं नाकारलं गेलं. इतवारीच्या दुकानातून गिरणीचं पातळ आणून देवीला नेसवलं. त्याचं सूत कोणाच्या हातून गेलं होतं हे कोणी विचारलं नाही.

दसरा झाला तसे रुकियाबीला निरोप येणं बंद झालं. पंधरवडाभर वाट पाहून ती स्वतःच सोसायटीत आली. भैय्याजी आणि चार विणकर बसले होते. ती दारातच उभी राहिली. "मले एवढंच सांगा, काम हाय का नाही? नसंल तर मी दुसरीकडे हात पसरते."

अडचण विणकरांचीही होती. तीन मागांवर ताणे संपत आले होते. मग तिथल्या तिथे ठरलं. तिने बोट जिभेला लावायचं नाही, वाटीतल्या पाण्यात बुडवायचं. वाटी घरच्या बाईने भरून द्यायची. आणि काम चालू असताना समोर कोणीतरी बसायचं.

"पाण्यानं करीन," ती म्हणाली. "बसवा ज्याले बसवायचं त्याले."

भैय्याजींची विधवा वहिनी यमुताई हिला ते काम मिळालं. सुरुवातीला ती कंटाळायची, निवडायला तांदूळ घेऊन यायची. पुढे तांदूळ आणायचं तिने सोडलं आणि नुसती पाहत बसायला लागली. काम सुरू करण्याआधी रुकियाबी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची, ते यमुताईने बंद करवलं. रुकियाबीने तेही मान्य केलं. पाण्याने सूत फुगायचं आणि पीळ सैल पडायचा. दुपारी संपणारं काम दिवेलागणीपर्यंत पुरायचं, आणि जोड सुटला की विणकर तिलाच बोलायचे. शेवटी शेवटी ती पदराचं टोक दातात धरून काम करायला लागली. तोंड उघडायलाच नको म्हणून. त्यामुळे पार्वतीबाईशी चालणारी तिची थट्टाही संपली. पार्वतीबाईने काही विचारलं तर रुकियाबी मान हलवायची.

नत्थूजींना मी एकदा विचारलं, "तुम्ही भैय्याजींशी बोलत का नाही? तुमचं ते ऐकतील."

"मी एकटा काय करू गा साहेब?" ते म्हणाले. "वैशाखात पोरीचं लग्न हाय. गल्ली जेवाले आली पाहिजे ना माह्याकडे."

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. नत्थूजींच्या मागावर मुलीच्या लग्नाचं लुगडं लावायचं होतं आणि ताणा जोडायला रुकियाबी बसली होती. मी सुताचा हिशेब करायला गेलो होतो. अर्धा ताणा जोडून झाला होता. एक सूत पिळता पिळता तुटलं. टोक निसटून बाकीच्या सुतांत जाऊ नये म्हणून तिने ते डाव्या चिमटीत पकडलं, आणि उजवं बोट सवयीने तोंडाकडे गेलं. पदर दातातून सुटला आणि बोट जिभेला लागलं.

"लावलं!" यमुताई ओरडली. "पाहा वं पाहा, लावलं तिनं!"

शेजारच्या दोन बाया धावत आल्या. पार्वतीबाई हात पुसत बाहेर आली. रुकियाबी आपल्या बोटाकडे पाहत होती.

"जाऊ दे वं यमुताई," पार्वतीबाई म्हणाली. "आदत हाय ते. चुकून झालं."

"चुकून काहून? तुह्या पोरीच्या अंगावर हेच नेसवशील काय? नेसव. मंग मांडवात कोण येते ते पाह्यजो."

पार्वतीबाई मागे सरली. नत्थूजी आतल्या दारात उभे होते. रुकियाबीने त्यांच्याकडे पाहिलं.

"नत्थूभाऊ, तुम्ही सांगा. जोडू का उठू?"

सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. एक शब्द पुरला असता. पुढे गल्लीत भांडण झालं असतं, कदाचित लग्नात पंगत कमी बसली असती. पण तिचं काम राहिलं असतं, कारण नत्थूजींच्या शब्दाला गल्लीत किंमत होती.

ते खाली पाहत म्हणाले, "आज राहू दे रुकिया. मंग पाहू."

ती उठली. हाताला राख होती. हात धुवायला तिने पाणी मागितलं नाही, पदरालाच पुसले. दाराशी चपला घातल्या आणि गेली. कोणी थांबवलं नाही.

उरलेला अर्धा ताणा पार्वतीबाईने जोडला. मी निघालो तेव्हा ती बोट जिभेला लावून सूत पिळत होती, आणि यमुताई समोर बसून तिच्याशी लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होती.

त्यानंतर रुकियाबीला त्या गल्लीत कोणी बोलावलं नाही. ताणे जोडायला उमरेडचा एक माणूस त्याच्या सवडीने यायचा. त्याची वाट पाहत उन्हाळ्यात दोन घरचे माग नागवे पडले. नत्थूजींच्या मुलीचं लग्न झालं आणि गल्ली झाडून जेवायला आली. पुढे हातमागच बंद पडत गेले. ते काही रुकियाबीमुळे नाही. ते बंद पडणारच होते. पण तिला काढलं नसतं तर आणखी सात-आठ वर्षं तिचं पोट त्या कामावर निघालं असतं.

१९७८ मध्ये सोसायटीच्या कामाने मी मोमिनपुऱ्यात गेलो होतो. विचारत विचारत तिची खोली शोधली. ती विड्या वळून पोट भरत होती. मी गेलो तेव्हा गोधडी शिवत बसली होती. मला ओळखलं, बसायला पाट दिला. गल्लीतल्या कोणाचीही चौकशी केली नाही. मीही कोणाचं नाव काढलं नाही.

बोलता बोलता सुईतला दोरा संपला. तिने नवा दोरा तोडला. टोक पिंजलेलं होतं. दोन-तीनदा सुईच्या नेढ्याशी नेलं, ते आत जाईना. मग सुई-दोरा तसाच धरून तिने शेजारणीला हाक मारली.

"डोळे कमी झाले काय?" मी विचारलं.

"डोळे चांगले हायेत बाबू," ती म्हणाली. "दोऱ्याचं टोक तोंडात घ्या लागते ना."

"मग घ्या की. इथे कोण पाहतंय?"

"कोणी नाही."

शेजारीण आली. तिने दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, सुई ओवून दिली आणि हसत म्हणाली, "रोज का है इनका." रुकियाबीने सुई घेतली आणि खाली मान घालून शिवायला लागली.