खेडच्या सड्यापलीकडे ऐकलेलं इटालियन

"मॅडम, आमचा चुलता दुपारी झोपेत बाईच्या आवाजात बोलतो. तुमच्या तासाला बाहेर ऐकू येतं ना, तसंच वाटतं," सखाराम टेबलावर चहा ठेवता ठेवता म्हणाला. तो आमच्या मुंबईच्या कॉलेजात प्यून. मी तिथे इटालियन शिकवायचे आणि युद्धावरच्या आधुनिक इटालियन कादंबऱ्यांवर पीएचडी करत होते. प्रबंध दोन वर्षं एकाच प्रकरणात रुतला होता. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी सखारामबरोबर त्याच्या गावी निघाले.

आता खेडला रेल्वेने उतरता येतं, तेव्हा एसटीच. पहाटेची गाडी, महाडला मिसळ, मग कशेडी घाटाची वळणं (आलेपाक जवळ ठेवा, आजही उपयोगी पडेल), आणि खेडच्या स्टँडवर गावच्या गाडीची दोन तास वाट. शेवटी मैलभर कातळाचा सडा चालायचा. वारा पूर्ण पडला होता. "इथं पाखरूपण बोलत नाही," सखाराम म्हणाला.

त्याचे चुलते धोंडूकाका हसतमुख म्हातारे. काकींनी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. जेवताना मी विचारलं, "काका, इटालियन येतं का हो?"

"दुसऱ्या म्हायुद्धात पलटनीत असताना त्या मुलखात खेचरं हाकली. पाव नि पानी मागन्यापुरतं येत होतं. आता तेवडंपन इसारलो."

काका उठून गेल्यावर काकी हळूच म्हणाल्या, "सारकी उशीर, उशीर करते ती. कोनाला उशीर झाला, देव जाने. नारळ दिला, कोंबडा दिला. जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका ओटीवर खाटेवर झोपले. ऊन अंगणात थिजल्यासारखं. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून बारीक, दाबलेला बायकी आवाज आला : "नोन उशीरे, नीना. नोन उशीरे."

मी काकींकडे वळले. "काकी, ती उशीर म्हणत नाहीये. इटालियनमध्ये 'बाहेर येऊ नकोस' म्हणतेय. नीना नावाच्या कुणाला तरी."

पुढचं वाक्यही कळलं : सैनिक आलेत. बोली खेडवळ होती, शेवटचे स्वर गिळणारी. तशी मी फक्त टेपवर ऐकली होती. पाव-पाणी मागण्यापुरती भाषा आलेल्या माणसाला ती साधणं शक्य नव्हतं.

काकींनी माझा दंड घट्ट धरला. "तुमी बोला तिच्याशी. तिला मोकळी करा."

मी खाटेजवळ वाकले. इटालियनमध्ये म्हणाले, "सैनिक गेले. नीना, आता बाहेर ये."

 मग त्याच सुरकुतल्या ओठांतून चार-पाच वर्षांच्या मुलीचा आवाज आला : "दाव्वेरो?"

खरंच?

"हो," मी म्हणाले.

काका जागे झाले. पाणी मागितलं, मराठीत. ते प्याल्यावर मी विचारलं, "काका, नीना कोण?"

ते भांडं ठेवून उठले. "तुला कोनी सांगितलान?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत ते ओटीवर आले नाहीत. निरोप दिला तोही दाराआडून.

शिमग्याला गावी जाऊन आल्यावर सखारामने सांगितलं, तो आवाज पुन्हा आला नाही. माझा प्रबंध मात्र सुटला. कादंबऱ्यांतल्या, सैनिकांपासून तळघरात लपलेल्या माणसांवर मी लिहीत गेले, पदवी मिळाली, पुढे इटलीत बरीच वर्षं शिकवलं. आयुष्यभर पुराव्याशिवाय एक विधान केलं नाही, असं विद्यार्थी माझ्याबद्दल कौतुकाने सांगतात.

मी मान डोलावते. पण त्या दुपारी एका मुलीला मी सैनिक गेल्याचं सांगितलं, आणि सैनिक माझ्या समोरच खाटेवर निजलेला होता.