कमलाकररावांची सुखाची कॉलनी

डॉ. कमलाकर खरे यांना लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. बत्तीस वर्षांपूर्वी पुण्याहून कार्डिफला आले, हॉस्पिटलात हजारो पेशंटांना भूल दिली, रिटायर झाले आणि संपादकांना पत्रं लिहायला बसले. कचऱ्याच्या बिनांवर, बसच्या वेळांवर, क्रिकेटवर. छापून एकही येत नसे. भूल दिलेले पेशंट निदान शुद्धीवर यायचे, संपादकांचं तेवढंही नाही.

२००२च्या उन्हाळ्यात जिब्राल्टर पेटलं. स्पेनच्या टोकाचा एवढासा खडक, तीनशे वर्षं ब्रिटनकडे. दोघांनी मिळून त्यावर राज्य करावं, अशी बोलणी सरकारने स्पेनशी चालवली आणि पेपरवाल्यांच्या अंगात आलं. 'दगा', 'कॉलनी विकली', आणि खाली खडकावरच्या माकडांचा फोटो. जणू माकडांनाच विचारून मथळा दिलाय.

कमलाकररावांनाही चेव आला. "अहो, तुमचा काय संबंध?" पत्नी मीनाक्षीताईंनी विचारलं.

संबंध होता. डॉक्टर होण्याआधीपासून, लग्नापर्यंत, ते पुण्यात कर्वे रोडजवळ शांतिकुंज कॉलनीत राहिले. बारा बंगले, एक गेट, एक वॉचमन. शेजारच्या कॉलनीने गेट सामाईक करायचं काढलं, तेव्हा सेक्रेटरी म्हणून त्यांनी घरोघर मत घेऊन तो डाव हाणून पाडला होता. तोच दाखला त्यांनी चार पानी पत्रात दिला. 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' याचंही इंग्रजी करून टाकलं.

फुकट वाटल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकाने पत्र छापलं. गेट गेलं, वॉचमन गेला, पाहुणा तर उपाशीच गेला. उरलं ते एवढं: 'मी वीस वर्षं कॉलनीत काढली. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते. सगळं कसं शिस्तीत चालायचं.' वर मथळा, 'साम्राज्याची आठवण येते'.

आता पुणेकराची कॉलनी वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी, हे त्या शहाण्या संपादकाला कोण सांगणार? अठरा वर्षं 'गुड मॉर्निंग'पलीकडे न गेलेला शेजारचा म्हातारा कुंपणावरून हात मिळवून गेला. कार्डिफच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी पुष्कर, आयटीतला पोरगा, त्याने कात्रण स्कॅन करून 'आपले रायबहादूर' म्हणून सगळ्यांना ईमेल केलं. ते पुण्यालाही पोचलं.

तिथे मात्र हसणं संपलं. वैजयंतीअक्का त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, बेचाळीसच्या चळवळीत वडील, म्हणजे नाना, दीड वर्ष येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा चार वर्षांच्या कमलाकरला तिनेच भरवलं. दर रविवारी त्यांचा फोन तिला जायचा. त्या रविवारी तिची सून ऋजुता म्हणाली, "मामा, आई पूजेला बसल्यात." पुढच्या रविवारी झोपल्यात. मग देवळात गेल्यात.

वडिलांच्या तुरुंगावर आपण थुंकलो असं अक्काला वाटतंय, या विचाराने कमलाकररावांचं जेवणावरून मन उडालं. त्यांनी खुलाशाची सात पत्रं पाठवली. कोण छापतंय! अक्काला लिहिलेल्या पत्रालाही उत्तर नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

नोव्हेंबरात जिब्राल्टरच्या लोकांनी मतदान केलं. शंभरातल्या नव्याण्णवांनी सामाईक राज्याला नकार दिला. पेपरवाले नाचले. कमलाकररावांनी पेपर उघडलासुद्धा नाही. रविवारी पंधराव्यांदा फोन लावला आणि तो अक्कानेच उचलला.

"अक्का, ती कॉलनी म्हणजे आपली शांतिकुंज गं. इंग्रजांची नव्हे. नानांची शपथ."

"ते पहिल्याच दिवशी कळलं मला. जन्म पुण्यात गेला माझा, कॉलनी मला शिकवतोस?"

"मग बोलत का नव्हतीस?"

"सगळ्यांत सुखाचे दिवस ते होते, असं लिहिलंस. मग बत्तीस वर्षं, आधी पत्रांत, नंतर दर रविवारी फोनवर, 'आम्ही मजेत' म्हणून मला का सांगितलंस? तू मजेत आहेस म्हणून मी एकदाही तुला परत ये म्हटलं नाही रे."



"मग आता म्हण ना, अक्का," कमलाकरराव म्हणाले. आवाज असा फुटला की स्वयंपाकघरातून मीनाक्षीताई ओल्या हातांनीच बाहेर आल्या.