एका दमात दूध सोडा

सांगू की नको, या विचारात चार दिवस गेले. पण तुम्ही आता चहा घेऊन बसलाच आहात, तर माझ्याच तोंडून ऐका. व्याह्यांकडून ऐकलंत तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट आहे, पण तिचा उपयोग मला मुख्यतः घाबरण्यासाठी होतो. सिल्वासाला मुलाकडे राहायला आल्यापासून तर मी पाण्याचा ग्लासही आधी उजेडात धरून पाहतो.

व्याही भास्करराव मूळचे जळगावकडचे. सगळी हयात इथून जवळच्या गलोंडा गावातल्या कारखान्यात गेली. परवाच्या रविवारी ते मला फिरायला म्हणून बाहेर घेऊन गेले आणि थेट सोड्याच्या दुकानात शिरले. दोन दूध सोडे मागवले. उंच ग्लासात गुलाबाचं सरबत, गार दूध आणि वरून फसफसता सोडा!

मी त्यांना समजावलं, की सोड्यात आम्ल असतं, आम्लाने दूध फाटतं, आणि या वयात असलं पोटात जाणं बरं नाही. तोवर त्यांचा निम्मा ग्लास संपला होता.

"भीती वाटत असंल तर ऱ्हाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "पोरीला फोन करतो, सासऱ्यासाठी पेज टाक म्हणून."

पेज? मी मुलाकडचा माणूस! व्याह्यांसमोर पेज?

मग मी शास्त्रीय विचार केला. दूध फाटायला वेळ लागतो. दुधाची आणि आम्लाची नीट ओळख व्हायच्या आतच ग्लास रिकामा केला, तर प्रश्न मिटला. दुकानदार "काका, धीमे पीजो" म्हणत होता, फेस बसू द्या म्हणत होता. मी फेसासकट सगळं एका दमात गिळलं.

चव छान होती म्हणे. मला कळायला वेळ नव्हता.

वीस पावलं चाललो असेन, छातीत काहीतरी घट्ट बसलं. पहिला विचार आला, पनीर. दुसरा आला, हृदय. डावा हात दुखतोय का, हे पाहायला मी तो इतका दाबला, की तो दुखायलाच लागला.

भास्कररावांनी रिक्षा थांबवली. रिक्षात मी त्यांचा हात धरून निरवानिरवीचं बोललो. त्यांच्या मुलीच्या भाजीत मीठ कधीच कमी नसतं, मीच उगाच नावं ठेवतो, हेही कबूल केलं. ते ऐकून मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस खरंच चालला, अशी त्यांची खात्री पटली असावी.

दवाखान्यात ते फॉर्म भरायला बाहेर थांबले. आत तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, तो चांगला आला. काय खाल्लं होतं, म्हणून त्यांनी विचारलं. खरं सांगायची लाज वाटली. फक्त पाणी प्यालो, म्हणालो. नुसत्या पाण्याने छाती इतकी भरते म्हटल्यावर त्या गंभीर झाल्या.

"मग तुम्हाला वापीच्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल."

मी ताडकन उठून बसलो आणि त्या धक्क्याने जी ढेकर आली, ती शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही उठवून गेली. खोलीभर गुलाबाचा वास पसरला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, पाणी गुलाबी होतं का?"

मी सगळं कबूल केलं. मधे आणखी दोन ढेकरा आल्या आणि छाती कापसासारखी हलकी झाली. अहो, मी जगणार होतो! तरी जाता जाता मनातली शेवटची शंका विचारलीच.

"पण ते दूध आत गेल्यावर फाटलं असेल का हो?"

"काका, पोटात सोड्यापेक्षा कितीतरी जास्त तीव्र आम्ल असतं. जन्मापासून तुम्ही प्यायलेलं सगळं दूध तिथे फाटतच आलंय." त्या हसल्या. "तुम्ही निवृत्त होण्याआधी काय करायचात?"

मी आधी दाराकडे पाहिलं. भास्करराव अजून बाहेरच होते.

"इतिहास शिकवायचो," म्हणालो.