आमच्या कुटुंबाची नापसंती

सोलापुरात विकत मिळत नाही अशी वस्तू नाही, आणि आमच्या कुटुंबाला पसंत पडली अशीही वस्तू नाही. ही दोन्ही वाक्यं मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मंगळवार पेठेतल्या पहिल्या दुकानापासून गड्ड्याच्या यात्रेतल्या शेवटच्या पालापर्यंत मी हिच्यासाठी हिंडलो आहे, आणि समया, पानाचे डबे, आरसे, कुंकवाचे करंडे असं सगळं एकेक करून नाकारून घेतलं आहे. लोकांना पोथ्या वाचून वैराग्य येतं, मला ते बायकोला वस्तू आणून आलं. बरं, ही तोंडाने कधी 'नको' म्हणायची नाही. वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची आणि बुडाकडून बघायची. तोंडाकडून सगळंच चांगलं दिसतं, असं तिचं मत होतं, आणि ते सांगताना ती माझ्याकडे बघायची. मग निकाल. 'असू दे' म्हणाली की ती वस्तू ट्रंकेत जायची. 'बरी आहे की' म्हणाली की माझ्या बहिणीकडे जायची. आणि 'फार छान, कुठे मिळाली?' असं विचारलं की मी बसायचोसुद्धा नाही, आल्या पावली दुकानात परत. शेवटी शेवटी एक भांड्यांचा व्यापारी मला म्हणायला लागला, "बांधून कशाला देऊ? नुसतीच न्या की. संध्याकाळी परत यायचीच आहे."

मुलीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात ही कुरडया वाळत घालायला माळवदावर चढली आणि उतरताना शिडीच्या दोन पायऱ्या वगळून थेट जमिनीवर आली. खुबा मोडला. हाडवैद्याने तो बसवला, पण स्वतःच्या समजुतीने बसवला, हिच्या सोयीने नाही. तेव्हापासून भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत आणि खांब धरून उंबऱ्यापर्यंत, एवढंच तिचं राज्य उरलं. राज्य आखडलं तरी कारभार आखडला नाही. उंबऱ्याशी पाट टाकून बसायची आणि आख्खा बोळ चालवायची. कुणाचा पापड आज नीट लाटला गेला नाही, कुणाच्या दारात शेळी शिरली, कोणता जावई रागावून चहा न घेता गेला, हे मी गिरणीतून परत यायच्या आत निकालात निघालेलं असायचं. भाजीवाली तर आमच्या दाराशी आली की टोपली आपण होऊन उलटी करायची. "बघा बाई बुडाकडनं," म्हणायची, "तुमी बघितल्याबिगर पुढं जाऊ देत न्हाईसा."

माणूस एका जागी बसलं की त्याला काहीतरी आणून द्यावंसं वाटतं. माझ्या अंगात तर आणण्याचा भस्म्या रोग संचारला. आधी चांदीच्या मुठीची काठी आणली. "काठी म्हाताऱ्यांना लागते," ती म्हणाली, आणि त्या काठीने बसल्या जागेवरून मांजर हाकणं, कोनाड्यातली डबी ओढणं, मी वर्तमानपत्र वाचत असलो की माझा गुडघा ठोकणं अशी सगळी कामं करू लागली. चालायला मात्र ती काठी कधी लागली नाही. मग सोबतीला म्हणून गड्ड्यावरून पोपट आणला. त्याचा आधीचा मुक्काम एका टांगेवाल्याकडे होता, ही गोष्ट विकणाऱ्याने मला सांगितली नव्हती. ही भिंत धरून उठली रे उठली की पिंजऱ्यातून आवाज यायचा, "चल बेटा, चल चल. अरे, गिरता क्या?" दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "फार छान बोलतो. कुठे मिळाला?"

पण माझा मुकुटमणी म्हणजे चाकांची खुर्ची. गिरणीत कापडाचे ताके वाहायच्या गाड्या असतात. मी ताके मोजायच्या खात्यात कारकून. त्या गाड्यांकडे बघता बघता मला एके दिवशी साक्षात्कार झाला, आणि ओळखीच्या सुताराकडून मी सागवानी खुर्ची करून घेतली, चार चाकांची, रुंद हातांची. हिच्या नकळत हिच्या पाटाचं माप घेतलं, चाकांचं घेतलं, पाठीचं घेतलं. दाराचं तेवढं घ्यायचं राहिलं. खुर्ची बोळात उंबऱ्याला टेकवून हिला तीत बसवलं, मी आत आलो, आणि मोठ्या उमेदीने उलटी आत ओढली. अर्धी आली आणि चौकटीत अशी बसली की पाचरच. आत येईना, बाहेर जाईना. सुतार त्याच दिवशी कुंभारी गावी कामावर गेलेला. तो परतेपर्यंत मी आत, जग बाहेर आणि मध्ये ही. गिरणीचा भोंगा झाला तो मी देवघरापाशी उभा राहून ऐकला. बाहेर बोळ जमला होता. ही बोळाकडे तोंड करून सिंहासनावर बसल्यासारखी बसली होती आणि जो येईल त्याला शांतपणे सांगत होती, "आत आहेत. येता येत नाही त्यांना." त्या दिवशी तिने बोळातली दोन जुनी भांडणं मिटवली. खुर्ची पुढे सुताराने कापून सोडवली, आणि तिची चाकं अजून कुणाच्या तरी हातगाडीला फिरत असतील.

अशात माढ्याहून पत्र आलं. आमची एकुलती एक मुलगी तिथे दिलेली. सातवा महिना लागला होता, ओटीभरण ठरलं होतं. तिने लिहिलं होतं, "आई माझं लग्न झाल्यापासून एकदाही या घरी आली नाही. ओटी तिच्याच हातून भरून घेईन, नाहीतर पाटावर बसणार नाही." मधे पंधरा दिवस होते. हिने पत्र ऐकलं. समोर कुणाची तरी शेळी कुणाचं तरी धान्य खात होती, तिलाही तिने हटकलं नाही. मग म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला नेसून जाण्यासारखं लुगडं नाही."

खोटं कशाला सांगू, मला हर्षवायूच व्हायचा राहिला. इतकी वर्षं अंधारात दगड मारत होतो, आणि आज तिने स्वतःच्या तोंडाने वस्तूचं नाव सांगितलं. तेही लुगडं! आणि कुणाला, तर जन्मभर कापड मोजणाऱ्या माणसाला. दुसऱ्याच दिवशी इरकली आणलं. "काठ बोचतो," म्हणाली. ते ट्रंकेत गेलं. तलम आणलं. "अंगावर राहायचं नाही." गर्द आणलं तर रंग जाईल, फिकं आणलं तर मळेल. पुण्याकडच्या शिकलेल्या मुली तेव्हा नुकत्याच गोल पातळ नेसायला लागल्या होत्या. एका दुकानदाराने मला भरीला घातलं आणि मी ते पाचवारी घेऊन घरी आलो. तिने ते उलगडलं, पुन्हा होतं तसं घडीवर घडी घातलं आणि विचारलं, "व्याह्यांच्या दारात मी पडदा गुंडाळून उतरू?" मी पेठ न् पेठ पालथी घालत होतो, गिरणीतले सोबती मला नवी नवी दुकानं सुचवत होते, आणि ओटीभरण चार दिवसांवर आलं होतं.

शेवटचा उपाय म्हणून समोरच्या तेलुगू विणकराच्या घरी गेलो. म्हटलं, आता मागावरूनच लुगडं उतरवून घ्यावं. विणकराची बायको, बोळाची मावशी, रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी लुगड्याचं नाव काढताच तिने रहाट थांबवला.

"अण्णा, किती लुगडं आनलालाव? बस करा की."

"तिला पसंत पडेना, मावशी."

"पसंतीचं काय न्हाय त्यात. तितं नेसवनार कोन?"

मला कळेना. तिने हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमाला खरंच म्हाईत न्हाय? तीन वर्सं झालं. सकाळी तुमी गिरणीत गेलाव की मी येते. अक्का खांब धरून हुबी ऱ्हाती, मी नेसवते. पाय फाकत न्हाय, वाकता येत न्हाय, कासोटा घालनार कसा? व्याह्याच्या घरात परक्या बाईपुढं हुबं ऱ्हायाचं, लाज वाटती की. लेकीला या महिन्यात वाकवायचं न्हाय. मी येते म्हनलं तर म्हनती, माग सोडून येऊ नको. मग काय, लुगडं वाईट म्हनायचं."

सगळ्या गिरणीचं कापड मी वारावर मोजलं होतं. माझ्या घरातले नऊ वार हिच्या अंगावर रोज कसे चढतात, हे मला समोरच्या घरातून कळलं. बिनकासोट्याचं पाचवारी आणलं तेव्हा मी उत्तराच्या किती जवळ जाऊन परत आलो होतो, हेही तिथेच कळलं.

"मावशी," मी म्हणालो, "मला शिकवा."

तिने पदर तोंडाला लावला. मग मागावरच्या नवऱ्याला हाक मारली, "ऐकलाव का, अण्णा लुगडं शिकनार म्हनं."

पहिला दिवस खांबावर गेला. खांबाला कंबर नसते, त्यामुळे माझ्या निऱ्या पुनःपुन्हा जमिनीवर यायच्या. शिवाय खांबाला कासोटा घालता येत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी मावशीने नवऱ्यालाच माग थांबवून उभं केलं. भल्या मोठ्या मिशांचा तो गंभीर माणूस, धोतरावरून लुगडं नेसलेला, हात वर करून उभा, आणि मी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय. मध्येच तो म्हणायचा, "अण्णा, आवळून. हे सुटतंय." दारात बायकांची गर्दी. बोळात घडलेली गोष्ट हिच्या कानावर जायला वेळ लागत नसे, तेव्हा मी घरी आलो तो मान खाली घालूनच.

"विणकराला नेसवताय म्हणे," ही वात वळता वळता म्हणाली.

"हो."

"निऱ्या किती घालता?"

"पाच."

ती वातीकडेच बघत होती. "त्यांना पाच चालतील," म्हणाली. "मला सात लागतात."

मग तिने मला ट्रंकेतलं ते काठ बोचणारं इरकली काढायला सांगितलं.

माढ्याला व्याह्यांनी आम्हाला आतली खोली दिली. मी कडी लावली. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार त्या हातावर सोडला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, तिचा भार किती हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. फार नव्हता. पहिला फेरा सुटला, दुसरा सुटला. निऱ्या दातात धरून मी गुडघ्यांवर बसलेलो, घामाने निथळतोय, आणि बाहेरून विहीणबाई हाका मारतायत, "अहो, मुहूर्त टळतोय."

"आलेच," ही अगदी सहज म्हणाली, "ह्यांचं उपरणं सापडेना."

ती बाहेर आली. भिंत धरून, मग माझा हात धरून, मग मुलीच्या पाटापाशी कुणालाही न धरता. मुलगीच पाटावरून उठून पदर पसरून उभी राहिली, आणि खण, नारळ, तांदूळ, सगळं हिने उभ्याने तिच्या ओटीत घातलं. मुलगी रडत होती, ही नाही. विहीणबाई म्हणाल्या, "किती चापूनचोपून नेसलाय हो. धडधाकट असून आम्हाला नाही असं जमत." हिने ओच्याचं टोक बोटाने किंचित उलटं केलं, बुडाकडून पाहिलं, आणि पुन्हा सारखं केलं. निकाल न देता तिने सोडलेली तेवढी एकच गोष्ट.

त्यानंतर मी हिच्यासाठी बाजारात गेलो नाही. मावशीच्या सकाळच्या खेपा बंद झाल्या. भोंग्याआधीचा वेळ माझा झाला. मी कधी घाई केली की हिच्या पायाचा अंगठा माझ्या गुडघ्याला लागायचा, एवढंच. बोळाचा कारभार मात्र मी निऱ्या घालत असतानाही चालूच असायचा. अशी सहा वर्षं गेली.

ती गेली त्या सकाळी बोळातल्या बायका आत जमल्या आणि मला बाहेर ओट्यावर बसवलं. रीतच आहे ती. आत हिरवं लुगडं नेसवत होत्या. मला राहवेना, तेव्हा दाराशी जाऊन म्हणालो, "मावशी, जरा ढिलं ठेवा. तिच्या खुब्यावर ताण येतो."

आत क्षणभर बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"व्हय अण्णा," मावशी म्हणाली, "ढिलंच ठेवलंय."