वहाणा घालून वल्हांडण

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आमच्याकडं जेवायला आलात तर चपला दारात काढू नका, मला राग येतो. यंदा नव्या सूनबाईनं काढल्या, तिला मी तिथंच टोकलं. चांगल्या ख्रिस्ती घरातली पोरगी, पण जेवताना पायात चपला म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. मग ताटं तशीच ठेवली अन् तिला माझ्या मायची, आवडाबाईची, गोष्ट सांगितली.

आम्ही मूळचे पाचोडकडचे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, रझाकार गेले, पण आमच्या गावातली वेठ काय गेली नाय. गावचे जमीनदार नानासाहेब, त्यांच्या घरचं शेणपाणी, सरपण, सगळं माय फुकट करायची. त्यांच्या दारावरून जाताना गावकुसाबाहेरच्या आमच्या लोकांनी वहाणा काढून हातात धरायच्या, असा रिवाज. मायला मला औरंगाबादला बोर्डिंगात शिकवायचं होतं. नानासाहेबांचा निरोप आला, पोरगी मोठी झाली, आता तिलाही कामाला धाडा. बाप गप्प बसला, कारण तो त्यांचंच रान बटईनं करत होता.

तेवढ्यात वल्हांडणाची संध्याकाळ आली, उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवसाची. मिशनचे मास्तरच आमची उपासना चालवायचे, त्यांनी देवळात, म्हणजे चर्चात, बायबल वाचलं. इस्राएल लोक मिसर देशात फारो राजाच्या विटा पाडत होते. देवानं मोशेकरवी सांगितलं, कोकरू मारा, त्याचं रक्त दाराला लावा, म्हणजे मरण तुमचं घर ओलांडून जाईल, तेच वल्हांडण. अन् ते जेवण कंबर कसून जेवा, हातात काठी, पायात जोडे, कारण जेवून लगेच निघायचंय. मास्तर म्हणाले, आपलं कोकरू म्हणजे येशू, त्याच्या रक्तानं आपण सुटलो, तर आज आपणही तसंच उभ्यानं जेवू.

सगळे उठले. बिनखमिराची, न फुगवलेली भाकर लागते, ती तर आपली रोजचीच. काठ्या आल्या. पण पाय सगळ्यांचे उघडे! वहाणा दाराबाहेर, अन् काहींनी तर आत आणून हातात धरलेल्या. जन्माची सवय, दुसरं काय.

माय बाहेर गेली अन् वहाणा घालून फटाफट वाजवत आत आली. मास्तर बावचळले, देवळात वहाणा कशा चालतील म्हणाले.

"सुटलो म्हणता ना मास्तर?" माय म्हणाली. "मग सुटलेल्यानं निघायला नको? येशूनं जीव देऊन दार उघडलं, आता पाऊल आपणच टाकायचं."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग ते स्वतः बाहेर गेले अन् जोडे घालून आले.

ईस्टर झाला. शाळेला अवकाश होता, पण मायला कुठला दम! दुसऱ्याच दिवशी तिनं माझी पेटी डोक्यावर घेतली. नानासाहेबांचं घर आलं तसा माझा हात आपोआप वहाणांकडं गेला. मायनं मनगट धरलं. नानासाहेब ओट्यावर पान लावत बसले होते.

"आवडे, पायात काय?"

"वहाणा, मालक. लेकीला शाळेत घालायला चालले. आजपासून आमच्या घरचं कुणी वेठीला येणार नाय."

ती थांबली नाय, मागं वळूनही बघितलं नाय. मी बघितलं. त्यांच्या हातातलं पान हातातच होतं.

बापाचं रान गेलं. मायबाप दोघं औरंगाबादला आले, माय शहागंजात भाजीची पाटी घेऊन बसली. लई हाल काढले, पण परत वेठीला वाकली नाय. मी नर्स झाले ती तिच्या जिवावर. मला तिचा अभिमान आहे अन् मी तो चारचौघांत सांगते.

सूनबाई उठली, दारातून चपला घालून आली. मग हळूच विचारलं, आजी जन्मभर अशाच देवळात जायच्या का?

म्हटलं, देवळाचं काय घेऊन बसलीस? ती गेली तेव्हा बायकांनी रीतीप्रमाणं तिचे पाय उघडे ठेवले होते. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी माझ्या हातानं तिला चपला घातल्या. म्हटलं, माय निघालीय.